अर्ध्या खोलीचं बिऱ्हाड

"वन्सं, तिला सांगा, काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस म्हणावं. शाई लागते. जुन्या चादरीचे तुकडे काढून ठेवलेत तिथे."

'तिला' म्हणजे ठमीला. आणि ठमी आईपासून हातभर अंतरावर, त्याच ओट्याशी, त्याच पेल्यांपुढे उभी होती. आत्या दारात खुर्ची टाकून सुतळीचा गुंता सोडवत बसली होती. तिने मान वर न करता म्हटलं, "ठमे, ऐकलंस?"

"ऐकलं. आईला सांग, तुकडे संपले."

"वहिनी, तुकडे संपले म्हणते."

"मी बहिरी नाही," आई म्हणाली, तरातरा आत गेली, आणखी एक चादर घेऊन आली आणि टर्रकन फाडली. चांगली धड चादर होती.

तीन आठवडे घरात हे असं चाललं होतं. आत्याचा नुसता टेलिफोन झाला होता. नोकरीची तीस वर्षं तिने टेलिफोन ऑफिसातच काढलेली, त्यामुळे ती म्हणायची, मी निवृत्त झाले असं कोण म्हणतं! पण आईला हसू येत नव्हतं. ठमीने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घर घेतलं, ते घेतलं. पण आधी सांगितलं कोणाला, तर आत्याला. आईला कळलं ते आत्याच्या तोंडून, तेही करारावर सही होऊन गेल्यावर, कपडे वाळत घालताना. "बत्तीस वर्षांची घोडी झाली, तिला आईशी बोलायला मध्ये माणूस लागतो ना? मग लागू दे," असं म्हणून आईने त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं. ठमीपुरतं. बाकी सगळ्यांशी ती नेहमीपेक्षा जरा जास्तच बोलत होती.

आता या घराला बिऱ्हाड हलवणं काही नवीन नव्हतं. आजोबांनी हातगाडीवर लोकांची बिऱ्हाडं हलवायला सुरुवात केली, बाबांनी दोन टेम्पो घेतले, आणि ठमीचा धाकटा भाऊ गुंड्या त्यातला एक चालवायचा. तीन पिढ्या दुसऱ्यांचे पलंग उचलण्यात गेल्या. पण स्वतःच्या घरातून लग्नाशिवाय, बदलीशिवाय, भांडणाशिवाय असं नुसतंच उठून कोणी गेलं नव्हतं. शेजारपाजारचे विचारायचे, का हो, का चाललीय? आईकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलं की माणूस स्वतःच एखादं शोधून काढतो, आणि आईने शोधून काढलेलं उत्तर असं होतं की पोरगी आपल्याला कंटाळली. हे ती कोणाला बोलली नव्हती. चादरी फाडत होती.

आणि ठमीचं म्हणाल, तर तिला घरातून जायचं होतं. घर तोडून जायचं नव्हतं. निघायच्या आत आईने एकदा तोंड उघडावं आणि बाबांनी एकदा, एकदाच, काहीतरी विचारावं, एवढंच तिला हवं होतं. सकाळचे दहा वाजले होते आणि दोन्हीतलं काही होण्याचं लक्षण नव्हतं.

आतल्या खोलीत बाबा वही घेऊन पलंगावर बसले होते. ही खोली ठमी आणि आत्या दोघींची. ठमी सहा वर्षांची असल्यापासून या भिंतीला ठमीचा पलंग, समोरच्या भिंतीला आत्याचा, आणि मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट. बाबा वहीत या खोलीचा नकाशा काढत होते.

ही वही म्हणजे त्यांच्या धंद्याची शान. फार वर्षांपूर्वी आजोबांनी एका म्हाताऱ्या मास्तरीणबाईंचं सामान हलवलं होतं. बाईंची नजर अधू. जुन्या घरी पलंगावरून उतरलं की चार पावलांवर मोरीचं दार. नव्या घरी त्यांनी सवयीने चार पावलं टाकली आणि भिंतीवर जाऊन आपटल्या. आजोबांना ते फार लागलं. तेव्हापासून त्यांनी नेम केला: आधी जुनी खोली कागदावर उतरवायची, पलंग भिंतीपासून किती विती, आरसा किती उंचीवर, दिवा कोणत्या हाताला. आणि नव्या घरी सगळं हुबेहूब तसंच लावून द्यायचं, गिऱ्हाईकाने दारात पाय ठेवायच्या आत. लोकांना त्याचं कोण कौतुक! म्हातारी माणसं तर डोळे पुसायची. दुसरा नेमही आजोबांचाच: गिऱ्हाईकाला कारण विचारायचं नाही. कोणाचं घर मोडलेलं असतं, कोणाचं वर चढलेलं असतं. आपण पलंग उचलायचा.

"कपाटाचं डावं दार किती उघडतं गं?" ठमी दारात दिसली तसं बाबांनी विचारलं.

"अर्धं. टेबलाला अडतं."

"नीट सांग. वीतभर की दीड वीत?"

"बाबा, त्याने काय फरक पडतो?"

"तुला नाही पडत. तुझ्या हाताला पडतो. हाताला सवय असते." त्यांनी उठून दार उघडून बघितलं, वीत टेकवली आणि वहीत आकडा टाकला.

ठमी चौकटीला टेकून उभी राहिली. तीन आठवडे ती वाट बघत होती, की बाबा एकदा तरी म्हणतील, का गं चाललीस? उत्तर तिने तयार करून ठेवलं होतं, बसमध्ये मनातल्या मनात पाठसुद्धा केलं होतं. ती कान तपासायच्या दवाखान्यात कामाला होती. दिवसभर लोकांना हेडफोन लावून 'आवाज आला की बटण दाबा' असं सांगायचं आणि काचेपलीकडे बसून राहायचं, हे तिचं काम. वाट बघण्याचा तिला चांगलाच सराव होता. पण बाबा आता आरशाखाली उभे राहून खिळ्याची उंची मोजत होते.

"तू आणि आत्या चार वाजता या," ते म्हणाले. "त्याआधी नाही. किल्ली?"

तिने किल्ली दिली. "बाबा, आणखी काही विचारायचंय?"

बाबांनी पेन्सिल कानामागे अडकवली. काहीतरी ओठांवर आलं असावं असं तिला वाटलं.

"नळ आत आहे की बाहेर?"

"आत," ठमी म्हणाली.

टेम्पो भरून झाला तेव्हा आत्याने शेवटचा प्रयत्न करून बघितला. "वहिनी, चला ना आमच्याबरोबर चार वाजता. तुमच्याशिवाय कसं वाटेल?"

"मी कशाला? तिथे ज्यांना आधी सांगितलं त्यांनी जावं," आई म्हणाली. मग तिने टेम्पोपाशी जाऊन सगळ्या दोऱ्या एकेक करून ओढून बघितल्या, एक सैल निघाली ती सोडून पुन्हा आवळली, गुंड्याला दोन शब्द सुनावले आणि घरात निघून गेली. ठमी तिच्या पाठीकडे बघत राहिली.

गुंड्याही ठमीवर नाराजच होता. "आईला रडवून चाललीस," असं त्याने परवा तोंडावर सुनावलं होतं. आज सकाळपासून तो खोकी जरा जास्तच आपटत होता.

तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिन्याला अरुंद वळण. पलंग उभा करून, तिरका करून, पुन्हा उभा करून वर न्यावा लागला. बाबांबरोबर वीस वर्षं काम करणारा हमाल होता, त्याला सगळे पैलवान म्हणायचे, कारण तो किडकिडीत होता. कपाट पाठीवर घेऊन तो वर आला, खोलीत उतरवलं आणि आजूबाजूला बघून म्हणाला, "मालक, खोली मोठी आहे की हो."

"खिडकी त्याच हाताला, दार त्याच हाताला," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला होता. "असं नशीब शंभरात एखाद्याचं असतं. चल, पलंग डाव्या भिंतीला. दारापासून दोन विती सोडून."

बाबांना आज भलताच हुरूप आला होता. तीन आठवडे त्यांना हातांचं काय करावं ते सुचत नव्हतं. आज हातांना काम मिळालं होतं. त्यांनी टेबल खिडकीखाली लावलं. कपाट टेबलाला खेटून. डावं दार उघडून वीत टेकवली: वीतभर, बरोबर. आरशाचा खिळा ठोकला. पुस्तकं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने मांडली. सकाळी पोरीचे डोळे उघडले की तिला परकं वाटू नये, डाव्या हाताला दिवा सापडावा, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या. बस. याहून जास्त बाप काय करू शकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

गुंड्या मात्र खोलीच्या मध्ये उभा राहून डोकं खाजवत होता. "बाबा, ताईला एकदा फोन करूया का?"

"कशाला?"

"विचारायला. कसं लावायचं ते."

"वहीत आहे की सगळं."

"वहीत घरची खोली आहे, बाबा."

"मग आपण काय लावतो रे? इतकी वर्षं मी काय लावत आलो?" बाबांचा आवाज चढला, तसं गुंड्याने पुढचं खोकं उचललं. पैलवान मालकाच्या घरच्या गोष्टीत पडत नसे.

बाबांनी वही मिटली. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटत होती. फोन केला असता, तर कसं लावायचं यावरून बोलणं भलतीकडे गेलं असतं. आजोबांच्या नेमाचा त्यांना या तीन आठवड्यांत फार आडोसा झाला होता.

चार वाजता आत्या कशीबशी तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि कठडा धरून उभी राहिली. अठ्ठावन्न वर्षांचे गुडघे. "ठमे, मी इथे वर्षातून दोनदाच येणार हं," ती धापा टाकत म्हणाली. "आणि आले की आठ दिवस राहणार. उतरायची ताकद येईपर्यंत."

दार उघडं होतं. बाबा हात पुसत बाजूला झाले. गिऱ्हाईक आत येताना ते नेहमी असेच बाजूला व्हायचे.

"या. बघा," ते म्हणाले.

आत्याने बघितलं आणि क्षणभर तिला वाटलं, आपण घरीच आलोय. तोच पलंग, त्यावर तीच चादर, तशीच दुमडलेली. तेच टेबल, तोच आरसा, त्याच उंचीवर. मग तिने उजवीकडे बघितलं. तिथे काहीच नव्हतं. ठमीचं सगळं सामान खोलीच्या डाव्या अर्ध्या भागात एकमेकांना खेटून दाटीवाटीने उभं होतं, आणि उजवा अर्धा भाग स्वच्छ झाडून रिकामा सोडलेला होता. नुसती फरशी.

ती जागा कोणाची, हे आत्याला लगेच कळलं. सव्वीस वर्षं ती तिथेच झोपत आली होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "अरे, माझी जागा कशाला सोडलीस?"

"सोडली कुठे? तिथे तिचं काही नव्हतंच."

"अरे पण मी राहायला येतेय का इथे?"

बाबांनी वही उघडली. वहीत बघितलं, मग खोलीत बघितलं, मग पुन्हा वहीत. पैलवान खिडकीबाहेर बघायला लागला.

ठमी कपाटापाशी गेली होती. तिने डावं दार ओढलं. दार वीतभर उघडलं आणि ठक्कन टेबलाला अडलं. घरी अडायचं तसंच. पलीकडे दहा माणसं जेवायला बसतील एवढी जागा मोकळी पडली होती आणि इथे तिला कपाटात हात घालायला अंग वाकडं करावं लागत होतं. तिने अंग वाकडं केलंसुद्धा, सवयीने. आणि मग तिला हसू फुटलं. ती हसत सुटली, इतकी की गुंड्याही हसायला लागला, आणि मग गुंड्या एकदम थांबला, कारण ठमी रडत होती.

"बाबा, मला एकदा विचारायचं तरी!"

"अगं, आपण विचारत नाही. आपला नेम आहे. गिऱ्हाईकाला..."

"मी गिऱ्हाईक आहे?"

बाबांनी वही मिटली.

"तीन आठवडे!" ठमी म्हणाली. "तीन आठवडे तुम्ही मला खिळे विचारले, दारं विचारली, नळ विचारला. आई तर बोलतच नाही. मी मेले की काय घरात? माणूस घर सोडून चाललंय, त्याला कोणी विचारू नये का हो, का बाबा, का चाललास?"

"हळू बोल, शेजारी नवीन आहेत," आत्या म्हणाली. पण ते तिने नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं. मग तिने कंबरेवर हात ठेवला. "दादा, मीच सांगते. मला बदलीचा कागद आला होता, आठवतो? तिशीत होते मी. कोणी विचारलं नाही, तुला जायचंय का म्हणून. मीही सांगितलं नाही. घडी घालून ठेवून दिला. त्यात तुझा दोष नाही. पण ही सांगतेय ना, तर ऐक."

बाबा खाली बसले. तिथेच, त्या मोकळ्या जागेत, फरशीवर, वही मांडीवर घेऊन. चाळीस वर्षांत गिऱ्हाईकाच्या घरी ते कधी बसले नव्हते.

"बरं," ते म्हणाले. "का चाललीस?"

ठमीने पाठ केलेलं उत्तर आठवून बघितलं. दवाखाना जवळ पडतो. बसचे दोन तास वाचतात. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही कारण नव्हतं. तिने ओढणीने नाक पुसलं आणि बाबांसमोर तीही फरशीवर बसली.

"घर दाखवणाऱ्या माणसाने मला विचारलं, मॅडम, तुम्हाला कशी खोली आवडेल? मला सांगताच येईना, बाबा. मी म्हटलं, घरच्यांना बरी वाटेल अशी. तो हसला. मला इतकी लाज वाटली! दिवा किती वाजता घालवायचा, ते आत्याच्या झोपेवर. खिडकी उघडी ठेवायची की लावायची, ते आत्याच्या सर्दीवर."

"मी कधी बोलले का गं तुला?" आत्या म्हणाली.

"नाही ना बोललीस! कोणीच कधी काही बोललं नाही. चहात साखर किती, ते आईच्या हाताला माहीत, मला नाही. मला काही त्रास नव्हता, म्हणून तर कळलं नाही. मला काय आवडतं तेच मला माहीत नाही, बाबा. तेवढं बघायचंय. बाकी काही नाही."

बाबांनी वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे आमचं काही चुकलं नाही?"

"नाही."

"तुझ्या आईचं?"

"नाही हो."

"मी घाबरलो होतो," बाबा म्हणाले. मुलगा आणि हमाल ऐकत होते, तरी त्यांनी ते म्हटलं. "अगं, लोकांना आम्ही विचारत नाही, पण कळतं ना. सामान उचलताना कळतं. कोणीतरी कोणालातरी दुखावलेलं असतं. मला वाटलं, तुला विचारलं तर तू खरं सांगशील. आणि मग ते मला जन्मभर माहीत राहील."

ठमीने त्यांचा हात धरला. खिळा ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली होती, ते आता दिसलं. अंगठा सुजला होता आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आई गं, बाबा!"

"काही नाही ते. ऊठ." बाबा गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि वही त्यांनी खिडकीत ठेवून दिली. "पलंग कुठे हवाय, सांग."

ठमीने खोलीभर नजर फिरवली. "माहीत नाही."

"मग ठेवून बघू."

पलंग खिडकीखाली गेला. ठमी त्यावर आडवी झाली आणि म्हणाली, ऊन तोंडावर येतं. पलंग उजव्या भिंतीला गेला. तिथे तिला आत्याच्या जागेवर झोपल्यासारखं वाटलं. दाराशी ठेवून बघितला. ते तिला कसंतरीच वाटलं. पैलवान घाम पुसत म्हणाला, "मालक, एकदा ठेवलेली वस्तू आपण दुसऱ्यांदा..."

"गप रे. उचल," बाबा म्हणाले.

"मधोमध ठेवूया?" ठमी म्हणाली.

"मधोमध म्हणजे?"

"खोलीच्या मध्ये."

"कुठल्याच भिंतीला न लावता?" बाबांच्या आवाजात धंद्याची सगळी वर्षं कळवळली. "अगं, पलंग कोणी मधोमध ठेवतं का? उशाला काय लावणार? डोकं कशाला टेकवणार?"

"बघीन ना."

"झाडताना अडेल."

"बाबा," गुंड्या म्हणाला, "ताईला हवा तिथे ठेवूया." आणि त्याने एका बाजूने पलंग धरलासुद्धा. सकाळपासून जो माणूस खोकी आपटत होता त्याने पलंग असा अलगद टेकवला की आवाज झाला नाही. मग तो पलंगाभोवती चालून आला. "बघ ताई. अख्खी फेरी मारता येते."

ठमीनेही फेरी मारली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. बत्तीस वर्षांत आपल्या पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ती कधी उभीच राहिली नव्हती. आत्याने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, धूळ फार आहे.

संध्याकाळी टेम्पो घरी लागला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. तिने चार माणसांचं करायचं ते हाताने पाच जणांचं करून ठेवलं होतं आणि त्यामुळे आधीच चिडली होती.

"लागलं का सगळं?" तिने विचारलं.

"लागलं," बाबा म्हणाले. "मग काढलं. मग परत लागलं."

"म्हणजे?"

बाबांनी पाटावर बसून सगळं सांगितलं. अर्धी खोली सांगितली, कपाटाचं दार सांगितलं, पलंग सांगितला.

"मधोमध? आणि तुम्ही ठेवलात?"

"ठेवला."

आई भांडं घासत राहिली. घासून झालेलंच भांडं होतं. "विचारलंत का?" ती पाठमोरी म्हणाली.

"विचारलं."

"माझ्यामुळे ना?"

"नाही गं. तुझं नाव एकदाच आलं. म्हणजे, साखरेत." आणि बाबांनी चहातल्या साखरेचं सांगितलं.

आईला एकदम हलकं वाटलं, आणि लगोलग रागही आला. बत्तीस वर्षं हाडाची काडं करून वाढवली, आणि पोरगी घर सोडून गेली त्या कारणांत आपण किती, तर चमचाभर साखर!

"दोन चमचे घेते ती. पहिल्यापासून."

"ते तुला माहीत आहे. तिला नाही माहीत, तिला किती आवडते ते."

आईने भांडं उपडं घातलं आणि त्याच्याकडे बघत उभी राहिली. आपल्याला तरी किती आवडते, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. घरात चहा नेहमी यांच्या चवीचा व्हायचा. ते तिने कोणाला सांगितलं नाही. हात पुसले आणि फोन उचलला.

आत्या कपडे बदलून दारात येऊन उभी राहिली होती. "काय सांगू तिला?" ती सवयीने म्हणाली.

"तुम्ही बसा, वन्सं. मी बोलते."

तिकडे पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला. आईला नुसता श्वास ऐकू आला, आणि मोकळ्या खोलीत येतो तसा थोडा घुमल्यासारखा आवाज.

"आई?"

"पडशील," आई म्हणाली.

"काय?"

"पलंग मधोमध ठेवलायस ना? भिंत नाही कुठे. दोन्ही बाजूंनी पडशील. लहानपणी दोनदा पडली होतीस, म्हणून तो भिंतीला लावला होता. मी लावला होता, तुझ्या बाबांनी नाही. त्यांच्या वहीत ते नसेल."

"पडले तर पडेन, आई."

"पड बाई," आई म्हणाली. "तुझी खोली आहे." तिने उपडं घातलेलं भांडं उगाचच सुलटं केलं. "पण पडलीस तर सांगायचं. आणि आधी मला सांगायचं. आत्याला नंतर."

"तुलाच आधी," ठमी म्हणाली.

आईने मान हलवली. फोनवर मान हलवलेली दिसत नाही, हे तिच्या लक्षात आलं नाही. ती हलवत राहिली.